कडी उघडली

"छाये, तुझं हे यंत्र उलट्या खोपडीचं हाय बघ!" तात्या आतनं ओरडले. "माणूस दारात आलं की दिवा विझतोय, आणि गेलं की पेटतोय!"

मी दाराबाहेर उभी, बोट घंटीच्या बटणावर. बोट उचललं, तर आत तांबडा दिवा भक्कन पेटला. पुन्हा दाबलं, तर विझला. मला रडावं की हसावं कळेना. किती दिवस त्या तारांशी झुंजत होते, डोळे फोडून घेतले होते, आणि निघालं काय, तर हे ध्यान!

मी आत गेले, तात्यांच्या समोर उभी राहिले आणि ओठ नीट हलवत म्हटलं, "थोडं चुकलंय. होईल दुरुस्त."

"चुकलंय कशाला? बरोबरच हाय की," तात्या म्हणाले. "चोर आला की अंधार. चोराची सोय केलीस."

तात्या म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर म्हणून त्यांचा सगळा जन्म गेला. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. कुठला माग कुठं अडला, आडवा धागा नेणारा धोटा का उडाला, ते बघून चालता करायचा. त्या खडखडाटात माणसं एकमेकांशी खुणांनी आणि ओठांनी बोलतात, कान फक्त डोक्याच्या दोन बाजूंना शोभेला. तात्यांचे कान तिथंच हळूहळू गेले. म्हातारपणी तर पार ठार बहिरे झाले. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, भारीतलं कानाचं यंत्र आणून दिलं होतं. "कानात डास शिरल्यागत करतंय," म्हणून तात्यांनी ते सुपारीच्या डब्यात टाकून दिलं. फोन मात्र आवडीनं करायचे. म्हणजे काय, तर नंबर लावायचा, पलीकडं उचलला असेल असं समजून आपलं सांगून टाकायचं, "मी बरा हाय, जेवलो, ठेवतो," आणि खरंच ठेवायचा. आपण इकडं हॅलो हॅलो करत बसायचं.

आई गेल्यावर ते त्या घरात एकटेच राहिले. पुढं सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागं मागखाना. चार मागांतले तीन भंगारात गेले होते, एक तेवढा त्यांनी ठेवला होता. कापड काही निघत नव्हतं त्याच्यावर. पण रोज सकाळी तो पुसायचा, तेल द्यायचं, एखादी वादी बदलायची, हे चालू. मी गावातच दुसऱ्या टोकाला, पिको-फॉलचं काम करायची. दादा, म्हणजे अरविंद, पुण्यात.

आणि त्या वर्षी चैत्रात ते दाराचं झालं.

सकाळी दूधवाला दार वाजवून वाजवून दमला. मग शेजारचे आले. मग मला फोन. मी धावत गेले तर दारात ही गर्दी! आतनं कडी. आम्ही दार बडवलं, हाका मारल्या, कुणी खिडकीवर काठी आपटली. आत हूं की चूं नाही. शेवटी चार जणांनी खांदा लावून दार मोडलं. मी आत पळाले, तोंडानं नुसतं "तात्या, तात्या". मागखान्यात गेले तर मागाखालनं दोन पाय बाहेर आलेले. मी किंचाळले. ते अर्थात ऐकू गेलं नाही. पण आपल्या पायांजवळ माझे पाय दिसले म्हणून तात्या सरपटत बाहेर आले. हातात तेलाचा डबा. सगळ्या गल्लीला मागखान्यात बघून त्यांनी विचारलं, "कोण मेलं?"

त्या दिवशी संध्याकाळी दादा पुण्याहून आला. मोडलेल्या दाराची फळी उचलून त्यानं भिंतीला टेकवली.

"पुरे झालं आता," तो म्हणाला. "तात्यांना मी घेऊन जातो."

"अकराव्या मजल्यावर? काय करतील ते तिथं?"

"जिवंत राहतील. खाली पडले, चक्कर आली, कुणाला कळणार? आज मागाखाली होते. उद्या खरंच काही झालं तर?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सकाळी पाय बघून माझ्या काळजाचं पाणी झालं होतं, ते काय मी विसरले होते?

"कडीच काढून टाकू या," मी म्हटलं.

तात्या आमच्या ओठांकडंच बघत होते. "कडी नसलेलं घर म्हणजे एस्टी स्टँड," ते म्हणाले. "आणि अरविंदा, मी यायचा न्हाई. मला कुंडीत लावू नका."

दादाचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नाही हो. उलट आमच्यात हळवा तोच. हळव्या माणसाला भीती जास्त. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "छाया, दसऱ्याला मी येणार. तेव्हा घेऊन जाणार म्हणजे जाणार. उचलून न्यावं लागलं तरी."

"दसऱ्यापर्यंत काहीतरी करते मी."

"काय करणार तू?"

ते मला कुठं माहीत होतं? तोंडातनं निघून गेलं खरं.

पुढच्याच आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लावलेला दिसला. सुट्टीतला वर्ग. घरातल्या वस्तू आपोआप चालवायला शिका, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग, इयत्ता सातवी ते दहावी. खाली चित्रात एक पोरगी टाळी वाजवतीय आणि दिवा लागलाय. मी तिथंच थांबले. टाळीनं दिवा लागत असेल, तर घंटीनं का नाही लागणार? घंटी ऐकू येत नाही, पण दिसली तर?

वर्ग घेणाऱ्या यास्मिन शिकलगार मॅडम. पॉलिटेक्निकात शिकवायच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. मला बघून त्यांनी नाव लिहायला पेन उचललं. "मुलगा कितवीत आहे, काकू?"

"मुलगा नाही. मीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कितवीत?"

"दहावी झाले, पण लई मागं. चालेल का?"

हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी तात्यांचं सांगितलं, तसं हसू थांबलं. म्हणाल्या, "पुढच्या बाकावर बसा."

बसले. आजूबाजूला सगळी पोरं, आणि मध्ये मी, चष्मा नाकावर, पदर खोचून. पहिल्या दिवशी एक हरभऱ्याएवढा दिवा पेटवायचा होता. भोकाभोकांच्या पांढऱ्या पट्टीत तारा खोचायच्या. दिव्याला दोन पाय, एक लांब, एक आखूड. लांब तो अधिक. मी उलटा खोचला. सगळ्या पोरांचे दिवे पेटले, माझा काही पेटेना. "काकू, फिरवून लावा," शेजारची पोरगी म्हणाली. फिरवला, आणि पेटला. एवढासा उजेड, पण मला त्या दिवशी जे झालं ना, ते पहिली कांडी भरली तेव्हा झालं होतं. लहानपणी आम्ही पोरी मागावर लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचो. कांड्याच भरायचो. मागाला हात लावायची मुभा नव्हती. जॉबरकी शिकायची ती पोरांनी. दादाला तात्यांनी शिकवायचा लई प्रयत्न केला, पण त्याला तेलाच्या वासानं मळमळायचं. मी दारात उभी राहून बघायचे, हातात पाना द्यायचे. मला कुणी विचारलंच नाही. मीही म्हटलं नाही.

मग आलं कोडिंग. ते इंग्रजीत. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टिंब आणि खाली स्वल्पविराम. तो विसरला की सगळं ठप्प. मी विसरायचेच. मॅडम म्हणायच्या, "काकू, टाका मारून गाठ नाही दिली तर फॉल राहील का?" ते मला बरोबर समजलं. त्यानंतर मी गाठ विसरले नाही.

एकदा त्या 'जर-तर' शिकवत होत्या. "आपण यंत्राला आधीच सांगून ठेवायचं. जर असं झालं, तर तसं कर. ते सारखं बघत राहतं, झालं का, झालं का. झालं की करतं."

"म्हणजे धागा तुटला की माग थांबतो, तसं?" मी विचारलं.

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. यंत्रमागाचं गाव, पण मागाजवळ गेलेलं त्यातलं एक नाही. मग मीच फळ्यापाशी जाऊन सांगितलं, की हजारो धाग्यांतला एक तुटला तरी त्यावर टांगलेली लोखंडी पत्ती खाली पडते आणि माग जागच्या जागी उभा राहतो, माणसानं बघायची वाट बघत नाही. मॅडम म्हणाल्या, "मग तुम्हाला हे येतंच की हो!" घरी जाताना मी रस्त्यानं एकटीच हसत होते.

वर्ग संपला, पोरं गेली, मी मात्र मॅडमच्या मागं लागून राहिले. बोर्ड आणला, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेली हिरवी पट्टी, आणि रिले आणला. रिले म्हणजे एवढीशी डबी, जी टक् करून मोठा दिवा चालू-बंद करते. भिंतीतली वायरिंग वायरमनकडनं करून घेतली, कारण मॅडमनी शपथ घातली होती, घरच्या लाईनला हात लावायचा नाही म्हणून. एक तांबडा दिवा मधल्या खोलीत, एक मागखान्यात, मागाच्या बरोबर वर. आणि घंटी दाबली, तर ते उलटं प्रकरण.

मॅडमना फोन केला. "काकू, काही रिले उलटेच असतात. आपण चालू म्हटलं की ते बंद होतात. नवऱ्यासारखे," त्या म्हणाल्या. "एक शब्द बदला."

शब्द बदलला, गाठ दिली, बोर्डात भरलं. बाहेर जाऊन बटण दाबलं आणि श्वास धरून उभी राहिले. आतनं कडीचा आवाज आला. दार उघडून तात्या उभे. आमच्या घराचं दार बाहेरनं वाजवल्यावर आतनं उघडलं, असं किती वर्षांनी झालं असेल!

"काय पाहिजे?" तात्या म्हणाले.

"काही नाही. मीच आहे."

"मग आत ये की. दारात का रडतीयास?"

तेवढ्यानं दादाचं समाधान होणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून पुढचं केलं. कडीला एक चिमुकलं लोहचुंबक चिकटवलं, चौकटीला त्याचा जोडीदार. कडी सरकली की बोर्डाला कळायचं, आणि माझ्या नि दादाच्या फोनवर दोन शब्द यायचे, 'कडी उघडली'. घरात दादानं पूर्वी बसवून दिलेलं वायफाय होतंच. तात्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आता झाला. तात्या रोज पहाटे उठून कडी काढतात, अंगणात पाणी मारतात, दूध घेतात. म्हणजे सकाळी दोन शब्द आले की समजायचं, म्हातारा ठणठणीत.

दादा फोनवर म्हणाला, "ठीक आहे. बघू. पण छाया, एक दिवस जरी हे चुकलं ना, तर मी काही ऐकणार नाही."

"नाही चुकणार."

"तुझ्या खेळण्यावर मी वडिलांचा जीव टांगायचा का?"

खेळणं! मला लागलंच ते. पण तात्याही तेच म्हणायचे. "तुझ्या खेळण्यानं आज दिवा लावला, गॅसवाला आला होता." "तुझं खेळणं रातच्याला हिरवं डोळं मिचकावतंय." कधी बरं म्हणून नाही. एकदा गेले तर बोर्ड लखलखीत. वर बसलेली धूळ साफ पुसलेली.

"तात्या, तेल नाही ना दिलं ह्याला?"

"देणार होतो," तात्या म्हणाले. "भोक सापडंना."

पावसाळा गेला. रोज सकाळी फोन वाजायचा, 'कडी उघडली'. आधी दादा नुसतं बघायचा. मग अंगठा पाठवायला लागला. मग एकदा त्यानं लिहिलं, 'आज लवकर उठलेत.' मी ते दहा वेळा वाचलं. पण पुण्यात न्यायचं बोलणं काही त्यानं मागं घेतलं नाही. खोलीला रंग दिला, पलंग घेतला, असं वहिनीकडनं कळायचं. मी नुसतं हं म्हणायचे आणि मनात दसऱ्याचा धसका घेऊन बसायचे.

खंडेनवमी आली. दसऱ्याचा आदला दिवस. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात आणि दसऱ्याला उठतात. मधे त्यांना कामाला लावायचं नाही, कितीही अडलं तरी. मी सकाळी माझं पिकोचं मशीन पुसलं, कात्र्या मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. काम बंद, म्हणून जरा निवांत चहा घेऊन बसले. आणि बघते तर फोन गप्प.

उशीर झाला असेल म्हटलं. चहा संपला. फोन गप्पच. फोन बंद करून चालू केला. काही नाही. तेवढ्यात दादाचा फोन आला. तो पहाटे अंधारातच गाडी घेऊन निघाला होता, गावाच्या जवळ आला होता.

"तुला मेसेज आला?"

"नाही. तुला?"

"मला असता तर तुला विचारलं असतं का?" त्याचा आवाज चिरकला. "जा तू आधी. मी येतोय."

मी पदर सावरत पळाले. वाटेत देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. दारात दुधाची पिशवी तशीच लोंबकळत होती. घंटी दाबली. दारावरच्या झरोक्यातनं मधल्या खोलीतला तांबडा उजेड दिसायचा, तो दिसला नाही. पुन्हा दाबली. धरून ठेवली. अंधार. म्हणजे यंत्रही गेलं, आणि तात्या... पुढचं मनात येऊ देत नव्हते, तरी येत होतं.

दार ढकललं. नवं दार, दादानंच बसवलेलं, शिसवाचं. हलायला तयार नाही. मी तिथंच पायरीवर बसून बोर्डाला शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या. चुंबकाच्या नादी लागून मी म्हाताऱ्या बापाला एकटं ठेवलं होतं.

दादाची गाडी आली. तो उतरला, त्याच्या हातात झेंडूची पिशवी तशीच. खाली ठेवायचंही भान नव्हतं त्याला.

"बघ," तो म्हणाला. "सांगितलं होतं ना मी? सांगितलं होतं ना?" आणि त्यानं दारावर मूठ आपटली.

"मागनं बघू," मी म्हटलं.

आम्ही मागच्या बोळात गेलो. मागखान्याची खिडकी उंचावर, गजांची. दादा एका दगडावर चढला, गज धरले आणि आत डोकावला. मी खालनं त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते.

"दिसतायत?"

"दिसतायत."

"मग?"

"बसलेत मागापुढं. पाठ आहे इकडं." त्यानं गजाला कपाळ टेकवलं. "हलत नाहीत गं."

दादानं हाका मारल्या, "तात्या! तात्या!" अशा, की बोळातली कुत्री उठली. हाकांचा काय उपयोग? मग त्याला काय सुचलं कोण जाणे, पिशवीतला एक झेंडू काढला आणि गजांतनं आत फेकला. तो मागावर पडला. दुसरा फेकला. तिसरा.

आतनं दणदणीत आवाज आला, "कोण रे ते माकड!"

दादा दगडावरनं उतरला नाही, घसरलाच. खाली मातीत बसला, आणि हसतोय की रडतोय काही कळेना. "टकलावर बसला," तो म्हणत होता, "छाया, बरोबर टकलावर बसला." मी त्याच्या गळ्यात पडले. त्या बोळात, उकिरड्याशेजारी, दोन प्रौढ माणसं लहान पोरांसारखी रडत होती. छातीवरची धोंड उतरली म्हणतात ना, ती मला अक्षरशः उतरताना कळली.

पुढं येईपर्यंत तात्यांनी दार उघडलं होतं. अंगात धुवट सदरा, कपाळाला गंध. "दाराला घंटी हाय ना? मग मागनं फुलं का मारताय?"

"घंटी चालू कुठं आहे?" दादा त्यांच्या तोंडासमोर जाऊन ओरडला. आता भीतीचा राग झाला होता. "मेसेज नाही, दिवा नाही! जीव गेला आमचा! काय केलंत त्या यंत्राचं?"

"बंद केलंय."

"बंद? का?"

तात्यांनी आमच्याकडं असं बघितलं, की ही माझीच पोरं ना. "आज दिवस कुठला? खंडेनवमी न्हाई व्हय? पहाटेपासनं पूजेच्याच मागं हाय मी, दूधबी आत घेतलं न्हाई."

ते आत निघाले. आम्ही मागोमाग. मागखाना सारवल्यासारखा स्वच्छ. मागाला आंब्याच्या पानांचा टाळा, झेंडूची माळ. आसपास दादाचे तीन झेंडू इकडंतिकडं. मागापुढं पाट मांडलेला, त्यावर धुतलेलं फडकं. फडक्यावर तात्यांची हत्यारं ओळीनं, सगळे पाने, पकड, जुना सागवानी धोटा, तेलाचा डबा. आणि मधोमध माझा बोर्ड. वायर नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. त्याच्या कोपऱ्यावर हळद-कुंकवाची दोन बोटं, वर एक फूल. कानाचं यंत्र कुठं दिसत नव्हतं.

"पावसाळाभर राबतंय बिचारं," तात्या म्हणाले. "रात न्हाई, दिवस न्हाई. एक दिवस बसू दे की त्याला."

दादा पाटापुढं उकिडवा बसला. त्याला मळमळायचं ते तेल, तो धोटा, आणि मध्ये ती हिरवी पट्टी. हळूच म्हणाला, "तात्या, हे तर खेळणं ना? तुम्हीच म्हणायचा."

"म्हणायचो," तात्या म्हणाले. "खेळण्याला कोण पूजेला बसवतं रे? हत्याराला बसवत्यात. माझं दार हे सांभाळतंय. मागानंतर ह्या घरात आलेलं यंत्र हे एकच." मग माझ्याकडं न बघताच पुढं म्हणाले, "लेकीनं केलंय. जॉबर झाली माझी लेक. मला कळायलाच उशीर झाला, दारात उभी असायची बिचारी."

मी वाकून पाटाला नमस्कार केला आणि तशीच थोडा वेळ डोकं टेकून राहिले, कारण वर बघायची सोय नव्हती.

आणि मला हसूही येत होतं. सकाळी माझ्या घरी मीच माझं मशीन पूजेला बसवून चहा पीत बसले होते. काम बंद आहे म्हणून. आणि तात्यांचं यंत्र का गप्प आहे, हे मला सुचू नये? जॉबर म्हणे!

दादानं त्या रात्री पुण्याचं नाव काढलं नाही. जेवला, तात्यांच्या शेजारी अंथरूण टाकून झोपला.

दसऱ्याला तात्यांनी हत्यारं उठवली. एकेक पाना कपाळाला लावून जागेवर ठेवला. बोर्ड उचलून माझ्या हातात दिला, "चालू कर." मी वायर जोडली. हिरवं डोळं मिचकावायला लागलं. कुंकू मी पुसलं नाही, यास्मिन मॅडम काय म्हणतील ते म्हणोत.

तेवढ्यात दादा दिसेना. आपट्याची पानं घेऊन तो गुपचूप बाहेर गेला होता. तात्यांनी दाराला कडी लावली आणि मागखान्यात जाऊन बसले. मीही गेले. आणि मागावरचा दिवा लागला. तांबडा, भक्कन. विझला, पुन्हा लागला. कुणीतरी पोर बटणाशी खेळावं तसा लागत राहिला.

"आलं बघ कोणतरी," तात्या म्हणाले आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले. सावकाश गेले, कडी काढली. माझ्या हातात फोन वाजला, 'कडी उघडली'. दारात उभ्या दादाच्या खिशातही वाजला असणार. त्यानं तात्यांच्या हातात सोनं दिलं, पायांवर डोकं ठेवलं, आणि उठून अगदी ओठ फाकवून, एकेक शब्द नीट म्हणाला, "तात्या, तुम्ही इथंच राहा. मीच येत जाईन."

"मग मी कुठं चाललो होतो?" तात्या म्हणाले.

"फक्त एक करा. यंत्र बंद करायचं असेल तर आधी सांगा. आमचे प्राण जातात."

"सांगतो की. त्यात काय!"

तात्या पुढं त्याच घरात राहिले, त्याच कडीमागं, अखेरपर्यंत. रोज सकाळी दोन शब्द यायचे आणि माझा दिवस सुरू व्हायचा. आणि दरवर्षी अष्टमीला संध्याकाळी माझा फोन वाजायचा, मग लगेच दादाचा. मी उचलायची, बोलायला तोंड उघडायची, पण पलीकडनं वाट बघायची पद्धतच नव्हती.

"छाये, उद्या हत्यारं बसणार. तुझंबी बसणार. फोन वाजायचा न्हाई, बोंबलू नका. मी बरा हाय, जेवलो, ठेवतो."

आणि ठेवायचे. दुसऱ्या दिवशी फोन सकाळभर गप्प असायचा, आणि मी माझ्या मशीनला हळद-कुंकू वाहून, पाय पसरून, निवांत चहा प्यायची.